शाळेतील संगीत आणि अंदाजपत्रक

अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. हे उत्पन्न आटले, की पहिली कुऱ्हाड बहुधा संगीतावर पडते. कारण वाचन वा गणिताप्रमाणे त्याची चाचणी घेतली जात नाही. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ संमत करून मालमत्ता करावर १ टक्क्याची मर्यादा घातली. त्यानंतर अनेक हायस्कूलांतील बँड व गायनवृंद मुके झाले.

१९९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेव्ह द म्युझिक’ या प्रतिष्ठानाने शाळांना वाद्ये पुरविली. मात्र वाद्य दानात मिळते. शिक्षक वेतनावरच टिकतो. या दृष्टीने कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये मतदानाने संमत झालेले ‘प्रपोझिशन २८’ महत्त्वाचे ठरते. त्यानुसार राज्याच्या शालेय निधीच्या १ टक्क्याइतकी रक्कम दरवर्षी संगीत व अन्य कलांसाठी मिळते. ५०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शालेय जिल्ह्यांनी त्यातील किमान ८० टक्के रक्कम शिक्षक व कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीवर खर्च करणे बंधनकारक आहे. हा निधी पूर्वीच्या तरतुदीत भर घालण्यासाठी आहे, तिची जागा घेण्यासाठी नव्हे. म्हणूनच अंदाजपत्रक पाहताना पालकांनी विचारावयाचा प्रश्न एकच: संगीत शिक्षकांची पदे खरोखर वाढली का?