करदात्याच्या ओळखीचा अपहार

एखाद्या व्यक्तीचे नाव, जन्मदिनांक, कायम खाते क्रमांक (पॅन), आधार क्रमांक, वेतनाचा तपशील इ. माहिती तिच्या नकळत हस्तगत करून तिच्या नावे कर-परतावा मागणे, खोटा खर्च वा खोटे उत्पन्न दाखविणे, किंवा बनावट व्यापारी नोंदणी करणे, यास करदात्याच्या ओळखीचा अपहार म्हणतात. करचुकवेगिरीत करदाता स्वतःची माहिती लपवितो. या अपराधात दुसराच इसम त्याची माहिती वापरतो आणि कराची मागणी मात्र मूळ व्यक्तीवर येते. अशी माहिती मोठ्या प्रमाणावर एकत्र साठलेली असते ती नियोक्त्याच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या दप्तरात. त्यामुळे नियोक्त्याकडील माहितीची गळती हा या अपहाराचा एक प्रमुख उगम होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कर कोणाकडून वसूल करावयाचा, हे ठरविण्यासाठी करदात्याची ओळख निश्चित करणे हे राज्यसंस्थेचे जुने काम आहे. मराठेशाहीत ही ओळख मुख्यतः माणसांच्या साक्षीवर अवलंबून असे. वतनाचा वाद निघाल्यास गोतसभा भरे, वृद्धांच्या जबान्या होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. निरक्षर कुणबी कागदावर नांगराची निशाणी करी. गावचा पाटील व कुलकर्णी प्रत्येक कुटुंबास चेहऱ्याने ओळखत. त्यामुळे परक्याने दुसऱ्याच्या नावावर गावात वावरणे कठीण होते. मात्र ओळखीची माणसे हयात नसली वा दूर असली, की ही पद्धती दुबळी पडे. पानिपतच्या लढाईत (१४ जानेवारी १७६१) नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया पुढे आला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर त्याने कोकणात बराच मुलूख ताब्यात घेतला व अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. परक्या नावाच्या आधारे मुलूख व महसूल बळकाविता येतो, याचे मराठी इतिहासातील हे ठळक उदाहरण होय. न. चिं. केळकर यांचे तोतयाचे बंड हे नाटक याच प्रसंगावर आधारलेले आहे.

पुणे जिल्ह्यातील बारामती–इंदापूर हा परिसर कर-ओळखीच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभी रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात केलेली जमीन पाहणी सदोष मोजमाप, दुय्यम नोकरांची लाचखोरी व चढे दर यांमुळे फसली. त्यानंतर १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड व जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी सुरू केली. प्रत्येक शेतास स्वतंत्र क्रमांक देणे, त्यावर तीस वर्षांसाठी आकार ठरविणे आणि तो भरणाऱ्या खातेदाराचे नाव सरकारी नोंदीत घालणे, ही या पद्धतीची मुख्य अंगे होत. पुढे मुंबई इलाख्यातील रयतवारी पाहणीचा हाच नमुना ठरला. करदाता प्रथमच क्रमांकाशी जोडला गेला. परंतु तो क्रमांक माणसाचा नव्हता, जमिनीचा होता. जमीन जागची हलत नाही आणि तिच्या बांधावरचे शेजारी तिच्या धन्यास ओळखतात. म्हणून नोंदीतील लबाडी पुष्कळदा गावातच उघडकीस येई. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर विकसित झालेला व आज ‘सात-बारा’ म्हणून परिचित असलेला उतारा याच परंपरेतील होय.

गावांच्या नावांतही ओळख वेगळी ठेवण्याची हीच गरज दिसते. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक व कोऱ्हाळे खुर्द ही समान नावाची दोन गावे. ‘बुद्रुक’ (फार्सी ‘बुजुर्ग’, मोठे) व ‘खुर्द’ (लहान) ही विशेषणे दप्तरात दोन्ही गावांचा महसूल एकमेकांत मिसळू नये, या दृष्टीने उपयोगी पडली. गावास विशेषण पुरले. माणसांसाठी पुढे क्रमांक आवश्यक ठरला.

व्यक्तीचा करक्रमांक : भारतात प्राप्तिकर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी सुरू केला. १८८६, १९२२ व १९६१ चे अधिनियम हे त्याच्या विकासातील पुढील टप्पे होत. १९६१ च्या अधिनियमाच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा अधिनियम लागू करण्याची तरतूद झाली. कायम खाते क्रमांकाची कल्पना १९७२ मध्ये अमलात आली व १९७६ पासून तीस वैधानिक आधार मिळाला. सध्याची दहा वर्णांची मालिका १९९५ पासूनची आहे. तीत प्रथम पाच अक्षरे, नंतर चार अंक व शेवटी पडताळणीचे एक अक्षर असते. चौथे अक्षर करदात्याचा प्रकार दाखविते (व्यक्ती असल्यास ‘पी’, कंपनी असल्यास ‘सी’) आणि व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. आधार क्रमांकाच्या वाटपास २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातीलच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी प्रारंभ झाला. २०१७ च्या वित्त अधिनियमाने पॅन व आधार यांची जोडणी आवश्यक केली. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती ग्राह्य धरली.

या जोडणीमुळे एकाच व्यक्तीने अनेक पॅन घेण्यास आळा बसला. तथापि एका व्यक्तीचा एकच क्रमांक दुसऱ्याने वापरण्याचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. परवलीचा शब्द फुटल्यास बदलता येतो. पॅन सामान्यतः आयुष्यभर तोच राहतो आणि दुसरा पॅन बाळगणे हाच दंडनीय अपराध आहे. मराठी नावांच्या रचनेमुळे आणखी एक अडचण उद्भवते. विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलले, की पॅन, आधार व भविष्यनिर्वाह निधी यांतील नोंदी जुळत नाहीत. ही विसंगती दूर करण्यासाठी कागदपत्रे पुनःपुन्हा निरनिराळ्या हातांत द्यावी लागतात आणि प्रत्येक वेळी गळतीची नवी शक्यता निर्माण होते.

नियोक्त्याकडील माहिती व तिची गळती : उगमस्थानी करकपात करणाऱ्या नियोक्त्यास दर तिमाहीस प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेतन, कापलेला कर व पॅन यांचे विवरण सादर करावे लागते. भविष्यनिर्वाह निधीसाठी आधार व बँक खाते यांचीही नोंद ठेवावी लागते. ही माहिती तीन मार्गांनी बाहेर जाते : संगणकप्रणालीत शिरकाव करून, कार्यालयातील वा वेतनपत्रके तयार करणाऱ्या कंत्राटदाराकडील एखाद्या माणसाच्या फितुरीने, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावे खोटा संदेश पाठवून लेखनिकाकडून संपूर्ण वेतनपत्रक मागवून घेऊन.

तिसऱ्या प्रकाराची ठळक उदाहरणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१६ मध्ये घडली. स्नॅपचॅट व सीगेट या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांचा आदेश समजून वेतन व कर यांची माहिती बाहेरच्या व्यक्तीस पाठविली. तेथे परतावा त्वरित देण्याची प्रथा असल्याने मूळ करदात्याच्या आधीच त्याच्या नावे खोटे विवरणपत्र भरून परतावा उचलता येई. अशा करदात्यास आपले खरे विवरणपत्र ‘आधीच दाखल झाले आहे’ या कारणाने नाकारले गेल्यावरच अपहाराचा पत्ता लागे. तेथील कर-विभागाने यावर सहा अंकी ओळख-संरक्षण क्रमांकाची योजना केली. तो दरवर्षी बदलतो व २०२१ पासून देशातील कोणाही पात्र करदात्यास मागता येतो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ही योजना उपलब्ध आहे. कर-विभागाच्या ओळखीचा उलटा दुरुपयोगही झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील दूरध्वनी केंद्रांवर छापे घातले. अमेरिकन कर-अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील रहिवाशांना अटकेची भीती घालावयाची व पैसे उकळावयाचे, असा तेथील उद्योग होता.

भारतातील स्वरूप : भारतात परतावा पॅनशी जोडलेल्या व पूर्वप्रमाणित बँक खात्यातच जमा होत असल्याने परताव्याची उघड चोरी तुलनेने अवघड आहे. येथे अपहार प्रामुख्याने पुढील रूपांत आढळतो : (१) मजुरीचा खोटा खर्च दाखविण्यासाठी परक्या पॅनवर वेतन अदा केल्याची नोंद करणे, (२) घरभाड्याची सवलत मिळविण्यासाठी ज्याचा घराशी संबंध नाही, अशा माणसाचा पॅन घरमालकाचा म्हणून देणे, (३) परक्या नावे बँक खाते उघडून त्यातून मोठ्या रकमा फिरविणे, (४) वस्तू व सेवा कराखाली बनावट नोंदणी करून मालाविना बिले काढणे. शेवटच्या प्रकाराची व्याप्ती मोठी आहे. १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळातील देशव्यापी मोहिमेत २१,७९१ नोंदण्या अस्तित्वात नसलेल्या व्यवसायांच्या आढळल्या आणि सु. २४,०१० कोटी रुपयांची करचुकवेगिरी झाल्याचा संशय व्यक्त झाला. अशा नोंदण्यांमागे पुष्कळदा गरीब व अनभिज्ञ लोकांची कागदपत्रे असतात.

परिणामांची कल्पना ठाणे जिल्ह्यातील एका प्रकरणावरून येते. जानेवारी २०२० मध्ये तेथील एका रोजंदारी मजुरास सु. १ कोटी ५ लाख रुपयांच्या कराची मागणी आली. २०१६ च्या निश्चलनीकरणाच्या काळात त्याच्या पॅनवर उघडलेल्या खात्यात ५८ लाख रुपये भरले गेले होते. खात्याच्या कागदांवरील छायाचित्र व सही आपली नसल्याचे त्याचे म्हणणे होते. जो रक्कम कधी पाहतही नाही, त्यालाच ती आपली नव्हे हे सिद्ध करावे लागते, हे या अपराधाचे सर्वांत जाचक अंग होय.

ग्रामीण भागात हा धोका अधिक सुप्त असतो. नीरा डाव्या कालव्यामुळे बागायती झालेल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या परिसरात ऊसशेती, साखर कारखानदारी व बारामतीची औद्योगिक वसाहत ही उपजीविकेची परस्परांत गुंतलेली साधने आहेत. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असल्याने आणि कंत्राटी कामगाराचे वेतन बहुधा करपात्र मर्यादेखाली असल्याने अशा गावांतील अनेकजण विवरणपत्र भरीत नाहीत. जो विवरणपत्र भरीत नाही, तो आपल्या नावावरील नोंदीही पाहत नाही. म्हणून अपहार कित्येक वर्षे अज्ञात राहू शकतो. नोकरीसाठी, कर्जासाठी, शिधापत्रिकेसाठी दिलेल्या आधार-पॅनच्या झेरॉक्स प्रती पुढे कोणाच्या हाती जातात, याचा हिशोब कोणीच ठेवीत नाही. पूर्वीच्या कुलकर्ण्याच्या दप्तराचा ठावठिकाणा तरी गावास माहीत असे.

प्रतिकार व उपाय : नियोक्त्याकडील गळतीची वार्ता कळताच कर्मचाऱ्याने कोणती माहिती बाहेर गेली, हे लेखी मागून घ्यावे. नंतर प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील करजमा विवरण (नमुना २६ एएस) व नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध झालेले वार्षिक माहिती विवरण तपासावे. परकी नोंद आढळल्यास ती आपली नसल्याचा अभिप्राय त्याच विवरणात नोंदविता येतो. आपल्या पॅनवर वस्तू व सेवा कराची नोंदणी झाली आहे काय, हे त्या कराच्या संकेतस्थळावर पाहता येते. तसेच पतमापन संस्थेच्या अहवालावरून अनोळखी कर्जे उघड होतात. पोलिसांकडे किंवा २०१९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सुरू झालेल्या सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करून तिची प्रत जपून ठेवावी. पैसे गेले असल्यास १९३० या दूरध्वनीवर तत्काळ कळवावे. कर-विभागाची सूचना आल्यास ती चुकीची आहे म्हणून दुर्लक्षिणे हा सर्वांत महाग पडणारा प्रमाद होय. मुदतीत लेखी उत्तर, तक्रारीची प्रत आणि प्रत्यक्ष नोकरी व वेतनाचे पुरावे सादर केले पाहिजेत. विवरणपत्र भरणे बंधनकारक नसलेल्यांनीही वर्षातून एकदा आपल्या नावावरील नोंदी पाहणे हितावह आहे.

कायदेशीर तरतुदी व मर्यादा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने ६६ ग हे कलम घालण्यात आले. त्यानुसार दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक सहीचा, परवलीच्या शब्दाचा वा अन्य ओळखचिन्हाचा लबाडीने वापर करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीतील ४३ क या कलमाने संवेदनशील माहितीचे रक्षण करण्यात हयगय करणाऱ्या संस्थेवर बाधित व्यक्तीस भरपाई देण्याची जबाबदारी टाकली. एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनी संगणकीय घटनांची वर्दी सहा तासांत देणे संस्थांवर बंधनकारक केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने गळतीची सूचना बाधित व्यक्तींना देण्याचे बंधन घातले व सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली. तथापि या दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते आणि भरपाईविषयीचे ४३ क हे कलम वगळण्याची तरतूदही याच अधिनियमात आहे. त्यामुळे गळतीस कारण झालेल्या संस्थेस जबर दंड झाला, तरी ज्याच्या नावे कराची मागणी निघाली, त्या कामगाराच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

इंदापूरच्या पाहणीने करदात्यास नोंदीत निश्चित स्थान दिले. त्या बदल्यात राज्यसंस्थेने ती नोंद सांभाळण्याचे उत्तरदायित्व स्वीकारले होते. आज ही नोंद शेकडो नियोक्ते, कंत्राटदार व मध्यस्थ यांच्याकडे विखुरलेली आहे. ती जो बाळगतो, त्याच्यावर तिच्या दुरुपयोगाची भरपाई करण्याचे दायित्व जोवर परिणामकारक रीतीने येत नाही, तोवर करदात्याच्या ओळखीचे रक्षण मुख्यतः त्याच्या स्वतःच्या सावधगिरीवरच अवलंबून राहील.