ईथ० कुठे गेलं?

आजचा इतिहास छोटा आहे. लिनक्स सुरू होताना नेटवर्क कार्डाला नाव कसं मिळतं आणि ते नाव पक्कं करायला लोकांनी काय काय खटपट केली, त्याचा.

हा विषय मी एका ऑफिसात अंगावर आल्यावर शिकलो. एका संगणकात दोन लॅन कार्डं होती. ईथ० इंटरनेटकडे, ईथ१ ऑफिसकडे. पत्ते आणि फायरवॉलचे नियम या दोन नावांवर बांधलेले. एका रात्री वीज गेली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि नावांची अदलाबदल झाली. तारा जागच्या जागी, नियमही तसेच. पत्ते चुकल्यामुळे नेट बंद पडलं, म्हणून चूक लगेच कळली. नेट चालू राहिलं असतं, तर बाहेरच्याला घरच्या माणसाची मोकळीक मिळाली असती!

असं का झालं? कर्नल कार्डांना दवाखान्यातल्या टोकनसारखे नंबर देतं. जे आधी सापडलं ते ईथ०, नंतरचं ईथ१. पूर्वी ड्रायव्हर ठरावीक क्रमाने एकामागून एक चढत, त्यामुळे नंबर बहुधा तेच राहत. पुढे सुरुवात लवकर व्हावी म्हणून बरीच कामं एकाच वेळी होऊ लागली. मग आज कोण आधी पोहोचेल, याची खात्री उरली नाही.

२००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचं यूडेव्ह आलं. पुढे त्याच्यासोबत एक नियमांची फाईल आली. कार्डाचा मॅक पत्ता आणि त्याचं नाव त्यात नोंदलं जाई आणि पुढच्या वेळी तेच नाव परत दिलं जाई. कल्पना चांगली, पण अडचण बघा. ईथ० हे नाव दुसऱ्या कार्डाकडे असेल, तर आधी त्याला तात्पुरतं नाव देऊन बाजूला करावं लागे. तेवढ्यात कर्नल नव्याने सापडलेल्या तिसऱ्या कार्डाला तेच ईथ० देऊन मोकळं! कधी एखादं कार्ड तात्पुरत्या नावावरच अडकून बसे. आभासी संगणकाची नक्कल केली, तर मॅक पत्ता नवा. मग ईथ० जुन्या कार्डासाठी राखीव आणि हाती येई ईथ१.

खरी चूक इथेच होती. ज्या यादीतून कर्नल नावं वाटत होतं, त्याच यादीतून यूडेव्हही वाटत होतं. उपाय एकच: ती यादी सोडायची. डेल कंपनीच्या बायोसडेव्हनेमने ते केलं. २०११ च्या फेडोरा १५ मध्ये मदरबोर्डावरच्या कार्डाला ईएम१ असं नाव मिळू लागलं. मग जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने ईएनपी३एस० सारखी नावं आणली. ईएन म्हणजे ईथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस क्रमांक ३, एस० म्हणजे स्लॉट शून्य. टोकन गेलं, रेल्वेचा डबा आणि बर्थ आला. २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने आणि २०१७ मध्ये डेबियन ९ ने हीच पद्धत घेतली.

लोक कुरकुरले, आणि ते उगाच नव्हतं. एकच कार्ड असलेल्या लॅपटॉपला एवढं लांब नाव कशाला? कर्नलला नेट.इफनेम्स=० सांगून अनेक जण जुन्या नावांकडे परतले. शिवाय नवं पीसीआय कार्ड बसवलं की बसचे क्रमांक सरकू शकतात आणि पी३ चं पी४ होतं. नाव ठरवण्याचे नियमही आवृत्तीगणिक बदलत गेले. म्हणून २०१८ च्या २४० व्या आवृत्तीत नियमांचा जुना संच धरून ठेवायची सोय द्यावी लागली.

आता दोन कार्डं असलेल्या संगणकावर मी मॅक पत्ता पाहून स्वतःच नाव देतो: वॅन० आणि लॅन०. ईथने सुरू होणारं नाव मात्र कधीच घेत नाही, कारण ती यादी कर्नलची आहे. आणि फायरवॉल लिहिण्याआधी संगणक दोनदा बंद-चालू करून नावं तीच राहतात का, ते पाहतो. तुमच्याकडेही असा संगणक असेल, तर वीज जायची वाट पाहू नका. भेटू पुढच्या भागात.