खाते म्हणजे काय? खात्याचे नाव चुकले तर काय बिघडते?

एकाच व्यक्तीशी, वस्तूशी किंवा खर्चाशी संबंधित सर्व व्यवहार जिथे एकत्र नोंदवले जातात, त्याला 'खाते' म्हणतात. व्यवहार आधी तारखेनुसार रोजकीर्दीत लिहिला जातो. तिथून तो खातेवहीत आपापल्या खात्यावर जातो. खात्याची डावी बाजू 'नावे', तर उजवी 'जमा'.

खात्यांचे प्रकार किती?

पारंपरिक पद्धतीत तीन :

- व्यक्तिगत खाते (व्यक्ती, बँक, संस्था) : घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे जमा.
- वास्तव खाते (रोकड, फर्निचर, यंत्र) : येणारी वस्तू नावे, जाणारी जमा.
- नामधारी खाते (भाडे, पगार, व्याज) : खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा.

खात्याच्या नावाला एवढे महत्त्व का?

समजा, किराणा दुकानाच्या गाळ्यासाठी मालकाने ५०,००० रुपये डिपॉझिट आणि ८,००० रुपये भाडे रोख दिले. रोकड खाते ५८,००० रुपयांनी जमा होईल. पण भाडे हा खर्च आहे. डिपॉझिट परत मिळणार असल्याने ती दुकानाची मालमत्ता आहे. सगळी रक्कम 'भाडे खात्या'वर टाकली, तर त्या वर्षीचा नफा ५०,००० रुपयांनी कमी दिसेल. नावे आणि जमेची बेरीज जुळत असल्याने तेरजेतही ही चूक सापडत नाही.

गल्ल्यातून मुलाची फी भरली, तर तो दुकानाचा खर्च नव्हे. ती रक्कम मालकाच्या 'उचल खात्या'वर जाते. म्हणून नोंद करण्याआधी पाहायचे ते हेच, की पैसे कशासाठी गेले आणि ते परत येणार आहेत का.