सोळा पट, पण कशाच्या?

चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्रात वणवा पेटला की एक मत हां हां म्हणता सर्वमान्य होते. १९८६च्या एप्रिलमध्ये अणुभट्टीतून उडालेले किरणोत्सारी द्रव्य तिथल्या झाडांत, पाचोळ्यात आणि मातीत मुरले आहे. आग ते मोकळे करते, वारा ते दूर नेतो. म्हणून प्रत्येक मोठा वणवा ही त्या अपघाताचीच पुनरावृत्ती. एप्रिल २०२०मध्ये या मताला आकडाही मिळाला. युक्रेनच्या पर्यावरण तपासणी खात्याचे तत्कालीन प्रभारी प्रमुख येगोर फिरसोव यांनी आगीच्या ठिकाणचा किरणोत्सर्ग नेहमीच्या सोळा पट असल्याचे जाहीर केले: ताशी ०.१४ऐवजी २.३ मायक्रोसीव्हर्ट. ‘सोळा पट’ हे दोनच शब्द जगभर पोचले.

या पूर्वपक्षातले खरे आहे ते आधी मान्य करू. सीझियम-१३७चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे, म्हणजे जवळजवळ निम्मे सीझियम २०२०मध्येही शिल्लक होते. त्याचा मोठा वाटा पाचोळ्यात आणि मातीच्या वरच्या थरात आहे. स्ट्रॉन्शियम-९०चे गुण कॅल्शियमसारखे, त्यामुळे झाडे ते मुळांवाटे शोषून लाकडात साठवतात. पाचोळा आणि लाकूड जळते तेव्हा यातले काही धुरात जाते, यात शंका नाही. वाद आहे तो किती जाते आणि कोणापर्यंत पोचते, याचा.

प्रथम सोळा पटींचे पाहू. हातातले मापनयंत्र मुख्यतः पायाखालच्या जमिनीतून येणारे गॅमा किरण मोजते. निषिद्ध क्षेत्रात अशा अनेक जागा आहेत, जिथे एकही झाड जळत नसताना यंत्र एवढा किंवा याहून मोठा आकडा दाखवते. स्वच्छ जागेचे ‘नेहमीचे’ माप घेऊन दूषित जागेच्या मापाला भागले तर उत्तर मोठेच येणार, पण त्यातून आगीने किती भर घातली हे कळत नाही. शिवाय लांब पल्ल्याच्या विमानातला प्रवासीही ताशी काही मायक्रोसीव्हर्ट घेतच असतो. ‘पट’ हे गुणोत्तर आहे. धोका ठरतो तो शरीराला मिळालेल्या एकूण मात्रेवरून.

आता पुनरावृत्तीचा दावा. १९८६मध्ये सुमारे ८५ पेटाबेक्वेरेल सीझियम-१३७ वातावरणात गेले. २०२०च्या वणव्यांतून गेलेल्या सीझियमचे शास्त्रीय अंदाज फार तर एक टेराबेक्वेरेलच्या आसपासचे आहेत. मूळ उत्सर्जनाच्या तुलनेत हा लाखातला जेमतेम एखादा भाग आहे. कारण उघड आहे. आग वरचा पाचोळा जाळते, खालची माती जागेवरच राहते. बरेचसे द्रव्य राखेत उरते. जड कण जवळपासच खाली बसतात. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या किव्हमधल्या माणसाला श्वासावाटे मिळालेली मात्रा नॅनोसीव्हर्टमध्ये, म्हणजे सीव्हर्टच्या अब्जांशात मोजावी लागते. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे तासाला सुमारे २७० नॅनोसीव्हर्ट. घरोघरी आयोडीनच्या गोळ्या शोधण्यालाही अर्थ नव्हता. त्या ज्याच्यापासून वाचण्यासाठी घेतात, त्या आयोडीन-१३१चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे. ते १९८६मध्येच संपले. किव्हच्या लोकांना एप्रिल २०२०मध्ये खरा त्रास झाला तो साध्या धुराचा. काही दिवस तिथली हवा जगातल्या सर्वांत वाईट हवेत गणली गेली.

यावर कुणी म्हणेल, मग धोका नाहीच का? आहे, आणि माझा आग्रह आहे तो याच ठिकाणी. तो आगीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला आहे. युक्रेनमधल्या संशोधकांनी निषिद्ध क्षेत्रातले जमिनीचे तुकडे मुद्दाम पेटवून धूर मोजला आहे. अशा धुरात प्लुटोनियमचे कण असतात. त्यातून निघणारे अल्फा किरण कातडी भेदू शकत नाहीत आणि छातीवर लावलेल्या गॅमा-मापकालाही दिसत नाहीत. पण कण फुप्फुसात जाऊन बसला तर तेच किरण आतल्या पेशींवर आदळत राहतात. काळ सगळेच कमी करतो असेही नाही. प्लुटोनियम-२४१चे रूपांतर अमेरिसियम-२४१मध्ये होते. या अमेरिसियमचे अर्धायुष्य ४३२ वर्षे आहे आणि तिथल्या मातीत ते अजून काही दशके वाढतच जाणार आहे. रशियाच्या २०२२च्या आक्रमणानंतर याच जंगलात सुरुंग पेरले गेले आहेत. अग्निशमन दलाच्या जवानांना आगीपर्यंत पोचणेच अवघड झाले आहे.

म्हणून जोखीम ठरवताना कोण, कुठे, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने, हे चार प्रश्न विचारायला हवेत. किव्हमधल्या दम्याच्या रुग्णासाठी त्यांचे उत्तर बारीक धूलिकण असे येते. खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेर पडू नये. जळत्या पाचोळ्यात फावडे घेऊन उतरणाऱ्या जवानासाठी उत्तर येते प्लुटोनियम. त्याला चांगला श्वसनमुखवटा हवा, पाळ्या लहान हव्यात, कामानंतर अंगात काय गेले त्याची तपासणी हवी. जंगलासाठी उत्तर आहे जाळपट्टे आणि सुकलेल्या लाकडाची वेळेवर उचल. ‘दुसरे चेर्नोबिल’ या हाकेत ही तिन्ही उत्तरे एकच होऊन जातात. भीती साऱ्या खंडाला वाटली जाते आणि ज्याच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे, त्या जवानाच्या मुखवट्याबद्दल कुणी विचारत नाही. वणव्याची पुढची बातमी येईल तेव्हा आपण आधी तेच विचारावे.