ताटातली पाठशाळा



मूल धर्म कुठून शिकते, वहीतून की ताटातून? आपण पटकन म्हणू, दोन्हीतून. पण ताटाला धड्याचे पुस्तक मानून त्याची शतकानुशतके नीट आखणी करणारा एक समाज आहे, तो म्हणजे ज्यू. त्यांच्याबद्दल मी गेले काही महिने वाचते आहे. त्यांचा आहार आपल्यासारखा नाही, हे आधीच सांगते. पण शिकवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

त्यांचा मोठा सण पेसाख, मराठीत वल्हांडण. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची ही आठवण. त्या रात्री जेवणाआधी घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते: आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? आणि उत्तर ताटातच असते. निघायची घाई इतकी की पीठ आंबायला वेळ नव्हता, म्हणून बिनखमिराची पातळ भाकर, मात्झा. गुलामीचे दिवस कडू, म्हणून कडू पाला. डोळ्यांतले पाणी खारट, म्हणून मिठाचे पाणी. खजूर किंवा सफरचंदाचे सुकामेव्यासह केलेले वाटण म्हणजे विटांचा गारा. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात रब्बान गमलिएल यांचे मत आहे, की ताटातल्या मुख्य पदार्थांचा अर्थ जो सांगत नाही, त्याचा सण पुरा झाला नाही. नुसते खाऊन भागत नाही, सांगावेही लागते!

मुले पेंगायला लागली तर? तालमुदमध्ये रब्बी अकिवा यांची आठवण आहे. ते सणाच्या संध्याकाळी मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत, म्हणजे मुले जागी राहतील आणि प्रश्न विचारतील. आपल्या फुटाण्यांचीच ही बहीण.

पुढे मध्ययुगात जर्मनीत मुलाच्या शाळेचा पहिला दिवसच गोड केला गेला. शावुओत सणाच्या पहाटे पाच-सहा वर्षांच्या मुलाला वस्त्रात गुंडाळून गुरुजींच्या मांडीवर बसवत. पाटीवर हिब्रू अक्षरे लिहीत, त्यावर मध लावत आणि मूल ती अक्षरे चाटत असे. मग मध घालून भाजलेली, धर्मवचन लिहिलेली रोटी त्याला देत. आपल्याला मध वर्ज्य आहे, त्यामुळे ती कृती आपली नव्हे. भाव मात्र ओळखीचा आहे: पहिले अक्षर जिभेला गोड लागावे.

ही रीत वर्म्स गावच्या रब्बी एलाझार यांनी लिहून ठेवली. त्यांच्या घरची हकीकत वाचून मी पुस्तक मिटून बसले. 1196 मध्ये घरात शिरलेल्या मारेकऱ्यांनी त्यांची पत्नी दुल्सिया आणि दोन मुली यांना ठार केले. बेलेट 13 वर्षांची, हन्ना 6 वर्षांची. दुल्सिया व्यवहार करून घर चालवत होती आणि इतर स्त्रियांना प्रार्थना शिकवत होती. एलाझार यांनी लिहिलेल्या शोकगीतात आहे, की हन्ना रोज 'शमा' ही प्रार्थना म्हणत असे. मधाची पाटी फक्त मुलग्यांसाठी होती. हन्नाच्या वयाचीच मुले त्या पाटीवर बसत. तरी ती शिकली, कारण आई होती.

आता आपल्या कोकणात या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', म्हणजे बेने इस्रायली, शतकानुशतके ग्रंथांशिवाय आपला धर्म सांभाळून होते. त्यांच्या परंपरेत एक कथा आहे. दावीद राहाबी नावाचा परदेशी धर्मबंधू आला. हे खरोखर आपलेच लोक का, हे पाहायला त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. बायकांनी पंख-खवले नसलेले मासे बाजूला काढले, कारण ते ज्यू धर्मात वर्ज्य. उदाहरण आपल्या घरात निघणारे नाही, पण पाहा, परीक्षा कोणाची झाली? स्वयंपाकघराची! आणि बायका उत्तीर्ण झाल्या. मग राहाबीने तिघा तरुणांना धर्मशिक्षण दिले, असे कथा सांगते.

त्यांच्या सणांची नावेही खाण्यावरून: 'खिरीचा सण', आणि वल्हांडणाच्या दिवसांतला 'अनाशी ढाकायचा सण', म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचा. आंबवलेले वर्ज्य, याची खूण त्या नावात दिसते. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात मात्झा करणाऱ्या बायका आपल्याच वेशात आहेत.

मुलींना वर्गात जागा मिळायला वेळ लागला. 1838 मध्ये फिलाडेल्फियात रिबेका ग्रात्झ यांनी रविवारची धर्मशाळा काढली. शिक्षिका बायकाच, आणि मुलगे-मुली एकत्र. आज अशा वर्गांत मुले शब्बाथच्या रोटीची वेणी वळतात, सणाआधी ताट मांडून प्रत्येक पदार्थाचा अर्थ सांगतात.

मी वाणिज्य शाखेची, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. पाठशाळेत गाथा म्हटली की चॉकलेट, हा खर्च आहे. गोडी संपली की खाते बंद. पण अक्षय्य तृतीयेला उसाचा रस हातात देऊन, हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने ऋषभदेवांना हाच आहार दिला, हे सांगितले तर ते भांडवल आहे. दरवर्षी ऊस दिसला की व्याज मिळेल.

आपली मुले 'हे खायचे नाही' एवढेच ऐकत मोठी होतात. 'का' विचारले की आपण म्हणतो, मोठी झालीस की कळेल. यंदा पाठशाळेत रस वाटाल तेव्हा पेला देण्याआधी सर्वांत लहान मुलीला विचारू द्या: आज रसच का?