पाऱ्याची जागा घेणारे सोने

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या अंजनवेलच्या खाऱ्या हवेत दाराच्या लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात. आजीची सोन्याची नथ मात्र नातीकडे येते तेव्हाही तशीच झळकत असते. सोने सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही, असे आपण वर्गात शिकवतो. याच समजुतीमुळे उत्प्रेरक म्हणून सोन्याकडे फार काळ कोणी गंभीरपणे पाहिले नाही.

अ‍ॅसिटिलीनच्या रेणूत दोन कार्बन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो. त्याला पाणी जोडले की अ‍ॅसिटाल्डिहाइड मिळते. हायड्रोजन क्लोराइड जोडले की व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी पाइपांचा कच्चा माल. दोन्ही कामांसाठी पाऱ्याची संयुगे वापरत. जपानमधील मिनामाता येथे अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या कारखान्यातील पारा समुद्रात गेला, माशांत साठला आणि ते मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर त्याने आघात केला. हा रोग १९५६ साली उघडकीस आला. अंजनवेलसारख्या मासळी खाणाऱ्या किनाऱ्याला त्याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या ग्रॅहॅम हचिंग्ज यांनी १९८५ साली निरनिराळ्या धातूंच्या क्लोराइडांची उत्प्रेरणक्षमता आणि त्या धातूंचे विद्युतविभव यांची तुलना केली. व्हिनाइल क्लोराइडसाठी सोने सर्वांत सरस ठरावे, असा निष्कर्ष त्यातून निघाला आणि प्रयोगांनी तो खरा ठरला. १९९८ साली जर्मनीत टेलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या आयनांच्या मदतीने तिहेरी बंधाला अल्कोहोल जोडून दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही २०१० नंतरच्या दशकात नितीन पाटील यांच्या गटाने सोन्याच्या उत्प्रेरकांनी नवे बंध जोडण्याचे काम केले.

हे घडते कसे? नथीतले सोने धातुरूप असते. अम्लराजात ते विरघळवले की त्याचे संयुग बनते. अशा संयुगातील धनभारित सोने तिहेरी बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढते. कार्बनपाशी इलेक्ट्रॉनांची उणीव निर्माण होते आणि इलेक्ट्रॉन देऊ शकणारा दुसरा रेणू तेथे जोडला जातो. शेवटी हायड्रोजन सोन्याची जागा घेतो व सोने पुढच्या फेरीसाठी मोकळे होते.

पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार २०१३ साली झाला. भारताने तो २०१८ साली मान्य केला. दरम्यान २०१५ च्या सुमारास चीनमध्ये व्हिनाइल क्लोराइडसाठी सोन्याचा उत्प्रेरक कारखान्यात उतरला.

धातूंची क्रियाशीलता-श्रेणी शिकवताना विद्यार्थ्यांना जरूर विचारावे: श्रेणीत तळाशी असलेले सोने येथे सर्वांत पुढे कसे?