नाव कोठे कोरले जाते? गोंदियातील दिवंगत सैनिकांच्या स्मृतीचा माग

गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. त्याच महिन्यात कारगिलच्या डोंगररांगांत लढाईला तोंड फुटले. २६ जुलैला मोहीम संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशाने अधिकृत आकड्यानुसार ५२७ सैनिक गमावले होते. हा योगायोग एका अडचणीकडे लक्ष वेधतो. त्याआधीच्या प्रत्येक युद्धात या भागातून गेलेला आणि परत न आलेला सैनिक कागदोपत्री 'गोंदिया जिल्ह्याचा' नाहीच. त्याचे कुटुंब आज आमगावात किंवा देवरीत राहत असले, तरी त्याची नोंद भंडारा या नावाखाली पडून आहे.

मागे जावे तसा पत्ता आणखी बदलतो. भंडारा जिल्हा ब्रिटिश काळात मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५० नंतर तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात पडलेला जवान मध्य प्रांताचा, तर १९६२ साली चीनच्या आघाडीवर गेलेला त्याचा धाकटा भाऊ महाराष्ट्राचा! विसाव्या शतकाच्या आरंभी भंडारा जिल्ह्याच्या भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. पुढे तिरोड्याऐवजी गोंदिया हे तहसिलीचे ठिकाण झाले. नवेगाव बांधचा परिसर साकोली तहसिलीत मोडत असे. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील पणजोबांचा शोध घेणाऱ्याने 'गोंदिया' हा शब्द टाकून पाहिला, तर हाती काही लागण्याची शक्यता कमीच. रोमन लिपीतील लेखनाचे तर विचारूच नये. तिरोड्याच्या 'ड'चा कारकुनाने 'र' केला आणि तोच रेल्वेच्या फलकावरही रूढ झाला.

अनाम वीरगळ

युद्धात पडलेल्यांची आठवण दगडात ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. गावोगावच्या देवळांच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे त्याचेच रूप. तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती टिकेल असे आश्वासन. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. वीर आहे, त्याचे शौर्य आहे, नाव मात्र नाही. गावाला ते ठाऊक होते म्हणून कोरण्याची गरज वाटली नसावी. ठाऊक असलेली माणसे गेली आणि दगडाला शेंदूर तेवढा उरला. मृतांसाठी दगड उभा करण्याची गोंड समाजाची रीतही जुनीच. तेथेही कोणाचा दगड कोणता, हे सांगणारी पिढी असेपर्यंतच तो बोलतो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले आणि त्यांचे स्मारक आजही गावात आहे. 'मिलिटरी अपशिंगे' हे नाव त्या गावाने अभिमानाने धारण केले. मात्र पाटीवरील आकडा आईला मुलाचे नाव सांगत नाही.

याचे सर्वात मोठे आणि सर्वात क्लेशदायक उदाहरण इराकमध्ये आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. कुतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' होते. २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली; साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी नोंदविण्यात आली. सर्व मृतांना हुद्दा, वंश व धर्म न पाहता समान वागणूक द्यायची, हे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचे मूळ तत्त्व होते. ते पाळले गेले नाही, त्यामागे वर्णभेद होता, अशी कबुली आयोगाच्या समितीने एप्रिल २०२१ मधील अहवालात दिली आणि आयोगाने माफी मागितली. शंभर वर्षे उशिरा का होईना, प्रश्न मान्य झाला. त्याच युद्धातील फ्रान्सच्या न्यव्ह शापेल येथील स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. म्हणजे नावे कोरणे अशक्य नव्हते.

नाव कोरले गेल्याने काय घडू शकते, हे भीमा-कोरेगावच्या जयस्तंभाने दाखविले. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे त्यावर आहेत आणि त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे ठळकपणे दिसतात. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. त्यानंतर गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, त्यांचा आधार पूर्वजांची ही लष्करी सेवाच होता. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. अखेर १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन आणि १९४२ साली नागपूरजवळच्या कामठीत दुसरी बटालियन उभी राहिली. रेजिमेंटच्या आरंभीच्या बोधचिन्हावर कोरेगावचाच स्तंभ होता. विदर्भातील असंख्य घरांचा सैन्याशी संबंध या रेजिमेंटमुळे जुळला. तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे.

नाव कोठे शोधावे?

दुसऱ्या महायुद्धाची एक खूण गोंदियाच्या उंबरठ्यावरच आहे. आज वैमानिक प्रशिक्षणासाठी ओळखली जाणारी बिर्शीची धावपट्टी मूळची ब्रिटिशांनी त्या युद्धाच्या काळात बांधलेली. त्या युद्धातील हिंदी मृतांची नावे बऱ्याच अंशी नोंदली गेली आहेत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पडलेले आणि कबर नसलेले सैनिक रंगूनच्या स्मारकावर आहेत. तेथील सुमारे २७ हजार नावांत बहुसंख्य हिंदी आहेत. आघाडीपासून दूर, छावणीत वा इस्पितळात मरण पावलेल्या अविभक्त हिंदुस्थानच्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नोंद दिल्लीच्या युद्धस्मशानभूमीतील स्मारकाशी जोडलेली आहे. पुण्याजवळ खडकी येथील स्मशानभूमीत त्या युद्धातील १,६६८ थडगी आहेत. मात्र हिंदू सैनिकाला अग्नी दिला जात असल्याने त्याचे थडगे शोधण्यात अर्थ नसतो, त्याचे नाव स्मारकाच्या यादीतच पाहावे लागते.

आयोगाची यादी संकेतस्थळावर मोफत पाहता येते. हिंदी सैनिकांच्या अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तहसील आणि जिल्हा असे तपशील मिळतात. शोध घेताना आडनावावर भर देऊ नये. त्या काळच्या लष्करी कागदांत शिपायाचे एकच नाव असणे नेहमीचे. भंडारा, तिरोडा, साकोली, मध्य प्रांत अशा शब्दांनी आणि जमल्यास पलटणीच्या नावाने चाळणी लावणे उपयोगी पडते. घरात जुने पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. कित्येक घरांत हे पदक चांदी म्हणून सोनाराकडे गेले, आणि त्याबरोबर एकमेव पुरावाही.

स्वातंत्र्यानंतरच्या मृतांसाठी दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचे लोकार्पण झाले, तेव्हा त्याच्या त्यागचक्रात २५,९४२ नावे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली होती. तत्पूर्वी बहात्तर वर्षे, स्वतंत्र भारतासाठी पडलेल्या सर्वांची नावे एकत्र असलेली जागाच देशात नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते. इंडिया गेटवर नावे आहेत ती ब्रिटिश काळातील सैनिकांची.

गावाच्या पातळीवरची बाब जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे येते. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी संकलित करणे, वीरनारी व वीरमाता-पित्यांच्या निवृत्तिवेतनाचे प्रश्न सोडविणे ही कामे तेथूनच चालतात. मृत्यूची वर्गवारी येथे कळीची ठरते. युद्धात वा शत्रूच्या कारवाईत मृत्यू आल्यास कुटुंबाला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते अखेरच्या पूर्ण वेतनाइतके असते. सेवेमुळे पण लढाईबाहेर, अपघाताने वा आजाराने मृत्यू आल्यास ते ६० टक्क्यांवर येते आणि सेवेशी संबंध सिद्ध न झाल्यास ३० टक्क्यांवर. 'शहीद' हा शब्द मात्र यांपैकी कोणत्याही नियमात नाही. त्याची व्याख्या केलेली नसल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे. हिंदीच्या सान्निध्यामुळे गोंदियात हाच शब्द अधिक चालतो, पश्चिम महाराष्ट्रात 'हुतात्मा'. शासकीय अर्जात दोन्हींचा उपयोग नाही.

तार ते तिरंगा

कारगिलपूर्वीच्या युद्धांत पडलेल्या जवानावर सर्वसाधारणपणे आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी येई ती तार आणि नंतर त्याची पेटी. १९९९ साली पार्थिव तिरंग्यात लपेटून गावी आणण्यास सुरुवात झाली आणि स्मृतीचे स्वरूपच बदलले. गावाने अंत्ययात्रा पाहिली, शाळेला वा चौकाला नाव दिले, स्मारक बांधले. १९६५ वा १९७१ च्या वीरनारीच्या वाट्याला यातील काहीच आले नव्हते. त्याच गावात नव्या स्मारकाला दरवर्षी हार पडतात आणि जुन्या युद्धातील नाव मात्र घरातील तसबिरीखालीच राहते, ही तफावत ग्रामपंचायतीच्या एका ठरावाने दूर होण्यासारखी आहे. चौकातील फलकाचा रंग तीन पावसाळ्यांत उडतो. नाव दगडातच कोरावे.

दीर्घकाळ नक्षलग्रस्त राहिलेल्या देवरी, सालेकसा भागात या स्मृतीत पोलिसांचीही भर पडते. लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे २१ ऑक्टोबर १९५९ रोजी १० पोलीस धारातीर्थी पडले. त्यामुळे तो दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. ही यादी सैन्याच्या यादीहून वेगळी असून तिचे राष्ट्रीय स्मारक दिल्लीतील चाणक्यपुरीत २०१८ साली उभे राहिले.

सरकारी दिनदर्शिकेत नसलेला एक दिवस मात्र घराघरांतील पंचांगात छापलेला असतो. पितृपक्षातील भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मृत्यू आलेल्यांच्या श्राद्धाची तिथी. मृत्यू कोणत्याही तिथीला झालेला असो, अशा पितराला याच दिवशी पिंड दिला जातो. ज्याच्या मृत्यूची तिथीच कळली नाही, त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. बेपत्ता झालेल्याची बारा वर्षे वाट पाहून पळसाच्या पानांच्या ३६० देठांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात सांगितला आहे. कायद्याने हा काळ सात वर्षांचा. गोंदियाच्या जंगलात पळसाला तोटा नाही, तरी न परतलेल्या सैनिकाच्या घरी हा विधी करण्यास मन सहसा धजत नाही. तो केला की वाट पाहणे संपते. पिंड देतानाही नाव आणि गोत्र उच्चारावे लागतेच.